दसरा ते होळी, झाडू बंद

लखनौच्या निशातगंजमधल्या त्या घराच्या वरच्या मजल्याचा भाडेकरार छापील हिंदीत होता. फक्त शेवटच्या पानावर, तळाशी, निळ्या शाईने मराठीत एक कलम हाताने लिहिलेलं होतं: 'मागील अंगणात दसऱ्यापासून होळीपर्यंत झाडू मारू नये, सडा घालू नये, मुंग्यांचा खडू ओढू नये.' माझा नवरा चिनहटला एका कारखान्यात आहे. दिवसभर मशीनची मॅन्युअलं वाचून तो इतका विटलेला असतो की घरी कुठलाच कागद वाचत नाही. त्याने सही करून टाकली. मी मात्र विचारलं, "काका, दिवाळीतसुद्धा झाडायचं नाही?"

"दिवाळीत तर मुळीच नाही," घरमालक म्हणाले. "तो नुकताच आलेला असतो. लांबचा प्रवास झालेला असतो."

मला वाटलं, मुलगा परदेशात असेल. मी काकूंकडे पाहून म्हटलं, "छान, दर वर्षी येतो म्हणजे."

"येतो," काकू म्हणाल्या. "आमच्याशी बोलत मात्र नाही." आणि कप उचलून आत गेल्या.

तो म्हणजे थिरथिरा. चिमणीएवढा पक्षी, वरून काळपट, पोटाला आणि शेपटीला विटकरी. थंडी पडायच्या सुमाराला डोंगरांपलीकडून उतरतो आणि उत्तरेतल्या कुठल्याही परसात मुक्काम ठोकतो. कुठे बसला की त्याची शेपूट तोंडी परीक्षेला उभ्या राहिलेल्या मुलासारखी थरथरते, म्हणून थिरथिरा. लखनौमध्ये तो इतका नेहमीचा आहे की लोक त्याच्याकडे मान वळवून बघतसुद्धा नाहीत. बघायचे ते एकटे काका, सगळ्या शहराच्या वतीने.

काका मूळचे मिरजेचे. इथल्या एका संशोधन संस्थेत तीस वर्षं कीटक विभागात होते. काम साधं होतं. काचेच्या बरणीत किडे सोडायचे, औषध मारायचं, आणि किती मेले ते मोजायचं. निवृत्त झाल्यावर मारायला किडे उरले नाहीत, तेव्हा त्यांना किडे खाणारा सापडला. मोजणं तेवढं चालू राहिलं. एकदा मी चेष्टेने म्हटलं, "काका, प्रायश्चित्त घेताय होय?" त्यांना भयंकर राग आला. "प्रायश्चित्त चूक केलेल्याने घ्यायचं. माझं काम बरोबर होतं. हाही तेच करतो, फक्त औषध न वापरता. सहकारी आहे तो माझा."

सहकाऱ्याच्या जेवणाची वेळ सकाळी सात ते नऊ आणि दुपारी तीन ते ऊन उतरेपर्यंत. त्या वेळात काका माकडटोपी घालून मागच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसत. मांडीवर निळी वही. दर हिवाळ्याला एक वही, अशा बारा झाल्या होत्या. त्या वेळात अंगणात कुणी जायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, आणि कपड्यांच्या तारेचा पेरूकडचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवायचा, कारण तिथे सहकारी बसतात. मी एकदा त्या हिश्शावर नवऱ्याची पँट वाळत घातली. दुपारी ती घडी घालून आमच्या दाराशी ठेवलेली होती, ओलीच.

खाण्याची त्याची रीत काकांनी मला इतक्या वेळा समजावली की आता झोपेतही सांगेन. तो ठेंगण्या जागी बसतो, तारेवर, कुंडीच्या काठावर. खाली टक लावून बघतो. मग पडल्यासारखा जमिनीवर उतरतो, एक किडा उचलतो आणि परत जागेवर. "एक घास, परत जागेवर," काका बोट वर करून म्हणत. "उधळपट्टी नाही, रेटारेटी नाही. नाहीतर तुमची लग्नं बघा." लखनौच्या लग्नातला बुफे हा त्यांच्या तिरस्काराचा खास विषय होता. माणसाची पारख ते त्याच्या जेवण्यावरून करत, आणि माप थिरथिऱ्याचं. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही पातेल्यापाशीच रेंगाळता." तो बिचारा दुसऱ्यांदा आमटी घेत होता.

गंमत म्हणजे स्वतः काका कधी वेळेवर जेवल्याचं मी पाहिलं नाही. काकू खिडकीशी पोह्यांची बशी नेऊन ठेवत, तासाभराने तशीच उचलून आणत आणि पुन्हा गरम करत. "बाहेर कोण काय खातंय ते बरोबर दिसतं," त्या मला म्हणाल्या होत्या, "आत कुणाचं गार झालं ते नाही दिसत."

मोहल्ल्याच्या सोसायटीचे सेक्रेटरी मिश्राजी शेजारीच राहत. पक्ष्यांना दाणे घालणं हे त्यांच्या घरातलं जुनं पुण्यकर्म. काकांना बरं वाटावं म्हणून एका सकाळी ते भिंतीवरून हात लांब करून अंगणात मूठभर बाजरी टाकून बसले. काका बाहेर आले आणि वाकून एकेक दाणा वेचू लागले.

"अरे डॉक्टर साहब, आपकी चिड़िया के लिए है," मिश्राजी म्हणाले.

"यह बाजरा नहीं खाता."

"अच्छा? तो भीगे चने भेज दें?"

"मिश्राजी," काका ताठ झाले, "आप शेर को खीर खिलाएँगे?"

मिश्राजींनी छातीवर हात ठेवून माफी मागितली. लखनौचा माणूस. अपमान झाला तरी चुकी आपलीच असल्यासारखा मागे सरतो. काकांना वाटायचं, समोरच्याला पटलं. पंचेचाळीस वर्षं त्या शहरात राहून पटणं आणि सोडून देणं यातला फरक त्यांना कळला नव्हता.

त्याच हिवाळ्यात कराडहून माझ्या सासूबाई आल्या. पहाटे उठून त्यांनी सवयीने मागचं अंगण लख्ख झाडलं, सडा घातला आणि चार ठिपक्यांची रांगोळीही काढली. करारातलं कलम त्यांना सांगायचं माझ्या मनातच आलं नाही. कुणाच्या आलं असतं? सात वाजता काका खिडकीशी आले. ओरडले नाहीत. बाहेर कचऱ्याच्या डब्यापाशी गेले, तो उचलून आणला, आणि पेरूची वाळकी पानं, काड्या, माती, सगळं दोन्ही हातांनी अंगणात परत पसरायला लागले. तळाशी भाजीची देठं निघाली ती बाजूला काढली, कारण ती मूळची अंगणातली नव्हती. सासूबाई तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. "पानाखाली किडे असतात," काका त्यांना शिकवणीच्या स्वरात म्हणाले. "तुम्ही त्याचं ताट उचललंत." सासूबाई वर येऊन मला म्हणाल्या, "त्या बाईची मला दया येते गं." चार दिवस राहायच्या होत्या, दोन दिवसांत माझ्या नणंदेकडे गेल्या.

त्या बाईंचं म्हणाल तर, काकू दर लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी पूजत. वाईहून कुणी ना कुणी आणून देई. हळदकुंकू वाहिलेली ती केरसुणी मग मागच्या दाराआड उभी राही, आणि पुढची येईपर्यंत तशीच राही. घर आणि होळीनंतर अंगण झाडायला बाजारातला साधा झाडू होता. दिवाळीत मागच्या अंगणाला केरसुणी लागेल तो दिवस यायचाच होता.

मला हे सगळं फार मजेचं वाटायचं. मी शिकवते त्या शाळेत मी काकांच्या नकला करायची. त्यातली सगळ्यात लोकप्रिय नक्कल धुरवाल्याची.

दर वर्षी दसऱ्याच्या आसपास डेंग्यूची साथ निघते आणि सोसायटी धुरवाला बोलावते. तो खांद्यावर मशीन घेऊन गल्लीत शिरला की काका फाटकात दोन्ही हात पसरून उभे राहत. आमचं फाटक वगळून सगळ्या घरांत धूर होई. मिश्राजी हात जोडून समजवायला येत आणि काका त्यांना सांगत, "एक थिरथिरा दिन भर में जितने मच्छर खाता है, उतने आपकी मशीन महीने भर में नहीं मारती. मैं साइंटिस्ट हूँ, ऐसे ही नहीं बोलता."

"जी, आप बेहतर जानते हैं," मिश्राजी म्हणत आणि धुरवाल्याला पुढे चलण्याची खूण करत.

मीही हे वाक्य चार जणींना ऐकवलं होतं. आमच्या मुलीला धुराने खोकला यायचा, त्यामुळे मला ते पटवून घेणं सोयीचं होतं. शिवाय अंगणात काकांनी पेरूखाली एक मातीचं परळ ठेवलं होतं, पाण्याने भरलेलं. ओल्या काठाशी किडे जमतात आणि पाहुण्याला हेलपाटा पडत नाही, म्हणून. ते पाणी ओतायचं नाही, फक्त वरून भर घालायची. तेही मी तीन वर्षं बघत होते. काही म्हटलं नाही.

तिसऱ्या वर्षी दसरा होऊन आठ दिवस झाले आणि काकूंना ताप आला. काकांनी सांगितलं, हवा बदलली की येतो. तिसऱ्या दिवशी काकू न्हाणीघरात कोसळल्या. नवऱ्याने गाडी काढली आणि आम्ही त्यांना जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. डेंग्यूच होता. प्लेटलेट झपाट्याने उतरत होत्या आणि डॉक्टर रक्तगट विचारत होते, जुना रिपोर्ट असेल तर आणा म्हणत होते.

"आहे," काका मला म्हणाले. "निळ्या वहीत आहे. खूण म्हणून घातलाय."

"कुठल्या वर्षाच्या?"

ते त्यांना आठवेना.

बायकोच्या रक्ताचा रिपोर्ट या माणसाने पक्ष्याच्या वहीत खूण म्हणून वापरला होता. मी रिक्षाने घरी आले, कपाट उघडलं आणि बाराच्या बारा वह्या पलंगावर टाकून पान पान उलटू लागले. सुरेख अक्षर, सरळ रेघा. काळी मुंगी. भुंगेरा. कोळी. अळी. घाणेरीचं फळ. काळी मुंगी. पुन्हा काळी मुंगी. बारा हिवाळे. रिपोर्ट नवव्या वहीत सापडला. पण तोवर मला दुसरंच काहीतरी खुपायला लागलं होतं, म्हणून उरलेल्या तीनही चाळल्या. डास कुठेच नव्हता. एकसुद्धा.

रिपोर्ट डॉक्टरांकडे देऊन मी काकांना बाहेरच्या बाकावर गाठलं. "काका, वहीत डास नाहीत."

"नसणारच," ते म्हणाले. "तो जमिनीवरचं टिपतो. मुंग्या, भुंगेरे. हवेतलं कधीमधी, तेही काही डास नव्हे."

"मग मिश्राजींना बारा वर्षं काय सांगत होतात?"

त्यांनी माकडटोपी काढून हातात घेतली. "त्यांना मुंगीचं काय महत्त्व? त्यांना डास कळतात. म्हणून डास सांगितले."

मला आयुष्यात इतका राग क्वचित आला असेल. मी म्हटलं, "काका, तुम्ही वहीत कधी खोटं लिहिलं नाहीत आणि माणसांशी कधी खरं बोलला नाहीत. आत काकू पडल्यात त्या तुमच्या खोट्यामुळे." थोडा राग माझ्यावरही होता, पण तो मी त्यांच्याच खात्यावर घातला. ते टोपीचा लोकरीचा गोंडा ओढत बसले. मग खिशातून फोन काढून मिश्राजींना लावला, आणि मला ऐकू यावं म्हणून की काय, स्पीकर चालू केला.

"मिश्राजी, आज शाम को धुआँ करवा दीजिए. हमारे यहाँ भी. पहले हमारे यहाँ." आणि थोडं थांबून, "वह चिड़िया मच्छर नहीं खाती. मैंने आपसे झूठ कहा था."

पलीकडून मिश्राजींचा मऊ आवाज आला. "अरे डॉक्टर साहब, यह तो हमें पहले साल से मालूम था. हमारे आँगन में भी आती है, हम भी देखते हैं. आप इतने यक़ीन से कह रहे थे, टोकना अच्छा नहीं लगा."

काका फोनकडे बघत राहिले. मला हसावं की रडावं कळेना. एक माणूस बारा वर्षं अभिमानाने खोटं बोलला आणि दुसरा बारा वर्षं अदबीने ऐकत राहिला. त्या दोघांच्या मधल्या भिंतीआड काकू राहत होत्या.

संध्याकाळी धुरवाला आला तेव्हा काकांनी स्वतः फाटक उघडलं. त्याने आधी अंगणाला एक फेरी मारली आणि पेरूखाली वाकला. परळातल्या पाण्यात वळवळणाऱ्या बारीक अळ्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "साहब, यहाँ तो पूरा ख़ानदान पल रहा है. धुआँ बाद में, पहले इसे पलटिए." उभ्या आयुष्यात ज्यांनी किड्यांशिवाय काही पाहिलं नाही, त्यांना रोज डोळ्यांसमोर असलेल्या या अळ्या दिसल्या नव्हत्या. जे पाहुणा खात नाही ते काकांना दिसायचं बंद झालं होतं. त्यांनी परळ उचललं, रस्त्यावर नेलं आणि कोरड्या डांबरावर उपडं केलं. मग मशीन सुरू झालं आणि अंगण पांढरं होऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा करत होते. खालून खरर खरर आवाज आला. सासूबाईंची ती पहाट सोडली तर दसऱ्यानंतर असा आवाज त्या अंगणातून कधी आला नव्हता, म्हणून मी गॅस बंद करून खिडकीत गेले. अंगणभर किडे पडले होते. मुंग्या, भुंगेरे, पाकोळ्या, काही मेलेले, काही अजून पाय हलवणारे. थिरथिऱ्याला इतकं मोठं ताट कुणी कधी वाढलं नव्हतं. तो तारेवर शेपूट थरथरवत बसला होता, आणि काका हळदकुंकवाची ती केरसुणी दोन्ही हातांत कुदळीसारखी धरून अंगण झाडत होते. केरसुणी धरायची कशी हे त्यांना माहीत नव्हतं. दोन हात झाडलं की कमरेवर हात ठेवून उभे राहत. पक्षी खाली उतरला की केरसुणी उगारून त्याच्यामागे धावत. "हाट! अरे, नको खाऊ! विष आहे ते!" ज्या अंगणात आम्ही बारक्या आवाजात बोलायचो, तिथे ते ओरडत होते. तो उडून भिंतीवर बसे, आणि पुन्हा पेरूवर येई. त्याला काय, मेजवानी समोर होती.

मी खाली गेले. "काका, एवढ्याशा धुराने मरणार नाही तो."

"प्रमाण मला माहीत आहे," ते धापा टाकत म्हणाले. "तीस वर्षं तेच केलं. पण त्याच्यावर प्रयोग नको." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. औषधाचं असेल, मी नीट विचारलं नाही. मी सुपली आणली आणि ते पुढे लोटत होते ते भरू लागले.

दुपारी डबा घेऊन नर्सिंग होममध्ये गेले. काकूंचा ताप उतरला होता आणि प्लेटलेट चढायला लागल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, मिश्राजींचा फोन, परळ, केरसुणी. त्यांनी उशीवर मान टेकवून शांतपणे ऐकलं.

"अंगण झाडलं?" त्या म्हणाल्या. "ह्यांनी? केरसुणीने?"

"हो. तासभर."

काकू छताकडे बघत हसल्या. ओठ सुकलेले होते, त्यामुळे हसणं अर्ध्यावर थांबलं. "लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. पहिल्यांदा केरसुणी हातात घेतली. आणि तीही त्या पाखरासाठी."

मी संत्रं सोलायला घेतलं.

आता आम्ही लखनौतच सरोजिनी नगरला राहतो, मोठ्या इमारतीत. इथे धुरवाला वेळापत्रकाने येतो आणि कुणी फाटकात उभं राहत नाही. करारही सबंध छापील आहे. शाळेतल्या नवीन बायका कधी कधी म्हणतात, ती पक्ष्यावाल्या काकांची नक्कल करून दाखवा ना. मी दोन्ही हात पसरून उभी राहते, ते वाक्यही म्हणते, सगळ्या हसतात. पुढचं मी सांगत नाही.

पुढचं असं की दिवाळीच्या चार दिवस आधी काकू घरी आल्या. नवऱ्याने आणि मी धरून त्यांना ओट्याच्या पायऱ्या चढवल्या. पुढच्या खोलीत काकांनी त्यांच्यासाठी पलंग मांडून ठेवला होता, तिकडे त्या वळल्याच नाहीत. सरळ मागच्या दाराशी गेल्या आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या. खिडकीशी खुर्ची होती, खुर्चीवर तेरावी वही. तारेवर तो बसलेला होता. काका त्यांच्या मागे उभे होते, पेपर तपासून घ्यायला आलेल्या मुलासारखे. काकूंनी ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंगण पाहिलं. पेरूखाली परळाच्या जागी गोल डाग तेवढा उरला होता.

"कोपरे राहिलेत," त्या म्हणाल्या.

काकांचा हात सवयीने वहीकडे गेला. काकूंनी मान वळवून नुसतं पाहिलं. मग काकांनी हात मागे घेतला, दाराआडची केरसुणी उचलली आणि कोपऱ्यापाशी जाऊन वाकले.